मदत हवी आहे: देवावर भार टाकायचा म्हणजे उठून नेमकं काय करायचं?

पाणपोई (धागाकर्ती)

पाच महिन्यांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडलाय आणि वाचा गेली आहे. समजतं सगळं, पण तोंडातून फक्त "नाही" आणि "अगं" एवढंच येतं. रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलून द्यावी लागते, म्हणजे सलग झोप कधी झाली ते आता आठवतही नाही.

मी जन्मापासून ख्रिस्ती, रविवारची उपासना सहसा न चुकवणारी. पहिल्या आठवड्यात इस्पितळात प्रार्थना आपोआप येत होती. आता गुडघे टेकले की डोकं रिकामं. कधीकधी देवाचा रागच येतो, आणि मग त्या रागाचीच भीती वाटते.

मंडळीतली माणसं वाईट नाहीत. येतात, "सर्व भार प्रभूवर टाक" म्हणतात, जातात. भार होता तिथेच असतो. एक काकू म्हणाल्या, तुझ्या विश्वासात कुठेतरी उणीव असेल, शोध. बायबलमधलं यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते) तर मला निदान दहा जणांनी पाठवलं, फुलांच्या चित्रासकट.

देवावर चिडणं पाप आहे का? समुपदेशकाकडे जावंसं वाटतं, तो अविश्वास झाला का? आणि शीर्षकात विचारलंय ते आहेच. कृपा करून नुसती वचनं चिकटवू नका.

जुनी_वही

वचनं चिकटवत नाही, पण त्या यिर्मयाच्या वचनाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या आधीचं, दहावं वचन कोणी पाठवत नाही. त्यात सुटकेआधी ७० वर्षं जातील असं लिहिलंय! ते पत्र बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे, आणि त्यात आधी घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. म्हणजे नको असलेल्या ठिकाणीच मुक्काम पडणार, हे धरून चाललेलं पत्र. तुमच्या परिस्थितीला ते खरं तर लागू पडतं, फक्त फुलांच्या चित्राबरोबर नाही.

रागाचं म्हणाल तर १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कुठवर?" विचारलंय. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, "तरीही" नाही. हे स्तोत्र गाळायचं असतं तर कधीच गाळलं गेलं असतं. आणि मार्था आठवा. तिचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो आल्यावर तिने सरळ तोंडावर ऐकवलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला गप्प केलं नाही.

आशीर्वादित

ताई, ईयोबाकडे पाहा. एवढं सोसलं पण तक्रारीचा शब्द काढला नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

जुनी_वही

दादा, तिसरा अध्याय उघडून बघा, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतोय तो. आणि शेवटी देवाचा राग कोणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. ते मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं.

उंबरठा

मी वडिलांचं सहा वर्षं केलं, त्यामुळे थोडं हक्काने बोलते. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. आधी झोप, ताई. शब्द न सुटण्याचं अर्धं कारण तिथेच असेल.

भार टाकायचा म्हणजे काय, याचं मला सापडलेलं उत्तर फार साधं आहे. लढाईच्या वेळी वर धरलेले मोशेचे हात थकले तेव्हा सोबतच्या अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरले. देवाने हात दिले ते माणसांचेच. म्हणून "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं मोघम सांगू नका. पाळकांना फोन करून म्हणा, मंगळवारी दुपारी तीन ते पाच ह्यांच्याजवळ कोणी बसेल का, मला झोपायचंय. मला हे मागायला दोन वर्षं लागली. लाज वाटायची. ती लाज म्हणजे विश्वास असंही वाटायचं तेव्हा.

समुपदेशकाकडे खुशाल जा. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, केवळ प्रार्थना कर म्हणून सोडून दिलं नाही. आणि जगणंच नको वाटायला लागलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बोलकी_बाहुली

मी स्पीच थेरपिस्ट आहे, विषय थोडा वेगळा. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला की बरेचदा उजवं अंग आणि वाचा एकदम जातात. पण अशा काही रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नसलं तरी पाठ असलेलं म्हणता येतं: आकडे, वारांची नावं, गाणी, लहानपणापासूनच्या प्रार्थना. सगळ्यांचं तसं होत नाही, आणि झालं म्हणजे वाचा परत आली असंही नाही. तरी एकदा प्रभूची प्रार्थना त्यांच्यासमोर, हळू, तालात म्हणून बघा. मध्येच थांबा आणि वाट पाहा. ओळ पुरी करायची घाई करू नका. त्यांच्या थेरपिस्टलाही सांगा.

पाणपोई (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. ८८वं स्तोत्र वाचलं. हे बायबलमध्ये असेल असं वाटलं नव्हतं.

पाळकांना फोन केला, तीनदा ठेवून मग बोलले. मंगळवारी दोघं येणार आहेत. त्यात त्या काकूही आहेत, बघू. समुपदेशकाची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

काल रात्री कूस बदलताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. मला स्वतःला शब्द सुचत नाहीत, पाठ असलेले होते तेवढेच. मध्येच थांबले. ह्यांचे ओठ हलले. अस्पष्ट होतं, पण "रोजची भाकर" पर्यंत आले, तिथे अडकले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, तर पुन्हा तिथेच अडकले. मग "अगं" म्हणाले.

बाहुली, ह्यांच्या थेरपिस्टला हे नेमकं कसं सांगू? रेकॉर्ड करून दाखवलं तर चालेल का?