फ्लॅव्होनॉइडच्या गोळ्या आईला द्यायच्या का?

तासगावचा_बेदाणा
मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, मिरजेत केमो चालू आहे, तेव्हापासून आईनं जाम धसका घेतलाय. त्यात भिशीतल्या एका बाईनं तिच्या गळ्यात फ्लॅव्होनॉइडच्या (फळं-भाज्यांत असतात तसली द्रव्यं) कॅप्सूल मारल्यात, म्हणे रोज घेतल्या की कॅन्सर जवळ फिरकत नाही. किंमत ऐकून बाबा ताटावरून उठले. गुगलवर अर्धे म्हणतात कॅन्सरच्या पेशी मरतात, अर्धे म्हणतात थोतांड. आता मावशीलाही द्यायचं चाललंय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

मिरज_फार्मसी
मावशीचं आधी थांबव बाबा. डबी तिच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक गोळी पण नको. सोयाबीनमधलं जेनिस्टीन हे पण फ्लॅव्होनॉइडच, त्यानं टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या औषधाचा असर कमी झालेला उंदरांत दिसलाय. जेवणातल्या सोयाला कुणी नको म्हणत नाही, प्रश्न अर्क काढून गोळीत कोंबलेल्याचा आहे.

पेशी मरतात हे खोटं नाही, पण लॅबमधल्या बशीत. तिथं क्वेर्सेटिन (कांद्यातलं फ्लॅव्होनॉइड) थेट पेशींवर ओततात, आपण खाल्लं की आतडं आणि लिव्हर त्याचं रूपच बदलून टाकतात, रक्तात पोचतं ते अगदी किरकोळ. माणसांवरचे अभ्यास म्हणशील तर फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत काही कॅन्सर कमी दिसतात, पण ती माणसं विडी-सिगरेट पण कमी ओढतात, मग श्रेय कुणाला द्यायचं?

वाई_हळदवाला
म्हणजे हळदीचं पण तेच का? आमच्याकडं तर लोक हळदीतलं कर्क्युमिन म्हणून दुप्पट भाव सांगायलेत 😄

मिरज_फार्मसी
कर्क्युमिन फ्लॅव्होनॉइड नाही, दोन्ही पॉलिफेनॉल (वनस्पतीतली द्रव्यं) पण जात वेगळी, तरी गत तीच, अंगात मुरतच नाही. मुरावं म्हणून मिरीचा अर्क घालतात आणि तसल्या गोळ्यांनी लिव्हर सुजल्याच्या केसेस इटली, ऑस्ट्रेलियात झाल्यात. आमटीतल्या चमचाभर हळदीला काही होत नाही, खावा बिनधास्त.

आणि गोळी म्हणजे निदान अपाय तरी नाही, असं धरून चालू नका. फिनलंडमध्ये 29 हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची ट्रायल झाली, 1994 ला निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त. ते फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण तेव्हा पण सगळे गाजरात असतं म्हणजे चांगलंच असणार म्हणत होते.

कराडची_सून
मी साधं विचारते, आई मिश्री लावते का? आमच्या सासूबाई सकाळी तव्यावर तंबाखू भाजून डबी भरणार, दाताला लावून तासभर बसणार आणि वरनं ग्रीन टी पिणार, कॅन्सर होऊ नये म्हणून!! तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे तर पक्कं सिद्ध झालंय ना.

तासगावचा_बेदाणा
लावते की. चहाच्या आधी मिश्री लागतेच तिला. मग खायचं काय ते तरी सांगा, ती विचारणारच.

मिरज_फार्मसी
घरातलंच. कांदा सोलताना बाहेरच्या दोन पाकळ्या उगंच टाकू नका, क्वेर्सेटिन जास्त तिथंच. जांभळं, काळी द्राक्षं सालीसकट. पण कॅन्सर टळेल म्हणून नको, पोटाला चांगलं म्हणून खा.

आणि एक, सख्ख्या बहिणीला झालाय म्हणजे आईचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट. मावशीच्याच डॉक्टरांना विचारून आईची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करून घे. कॅप्सूलचे पैसे तिथं घाल, आणि भिशीवाल्या बाईंना डबी सील न फोडता परत दे, फोडली असली तर गेले पैसे.