ग्रेव्हजमध्ये अश्वगंधा नकोच

ग्रेव्हजसाठी, म्हणजे थायरॉईड ग्रंथी जास्त हार्मोन बनवते त्या आजारासाठी, गोळ्या सोडून अश्वगंधा घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर तो कृपया मानू नका. अश्वगंधेने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं आणि ग्रेव्हजमध्ये ते आधीच जास्त असतं. माझ्या बहिणीचे हात इतके थरथरायचे की कपबशी वाजायची. कार्बिमॅझोल (थायरॉईडचं हार्मोन कमी करणारी गोळी) सुरू केल्यावर ते हळूहळू थांबलं. कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो. मात्र गोळ्या चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात. प्राणायाम, झोप जरूर, पण गोळ्यांच्या जोडीला. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर रक्ततपासणीआधी तेही सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.