उदार मन की उधार मन? (आणि दान की अर्पण?)

ओंबी: आमच्या चर्चच्या कापणीच्या सणाची पत्रिका छापायला दिली होती. मजकूर साधा: 'उदार मनाने दिलेले दान हीसुद्धा उपासनाच.' प्रूफात आलं 'उधार मनाने'. छापखानेवाले म्हणे, "ताई, इकडे सारे असंच बोलतात." ते दुरुस्त करून घेतलं. पण आता पाळकसाहेबांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) म्हणणं, 'दान' काढा, 'अर्पण' घाला. नेमका फरक काय? गाव वाशीम जिल्ह्यातलं.

कोशकिडा: 'उधार' हा संस्कृत 'उद्धार'पासून आला, आणि त्या शब्दाला 'ऋण' असाही अर्थ होता. म्हणजे छापखानेवाल्याने नकळत अख्खं ईश्वरविज्ञान छापलं होतं. राहू द्यायला हवं होतं!

तुरीची_शेंग: दान माणसाले, अर्पण देवाले. यात चर्चा कायची बे?

वणीकर: एवढं सोपं नाही, भाऊ. बायबलात बघा, फिलिप्पै गावच्या मंडळीने (तिथल्या ख्रिस्ती लोकांनी) एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती प्रेषित पौलाला मदत पाठवली. ती कैदेतल्या माणसाला दिलेली. तरी पौल तिला सुगंध आणि यज्ञ म्हणतो (फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४). तुमची भिंत तिथेच पडते.

कोशकिडा: शिवाय पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (अध्याय ८) मासेदोनियाच्या मंडळ्यांच्या औदार्यासाठी ग्रीक शब्द 'हाप्लोतेस' आहे. मूळ अर्थ साधेपणा, मनात दुसरं काही नसणं. त्या मंडळ्या तर स्वतःच दरिद्री होत्या. 'उदार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सावकार येतो, तो तिथे नाही.

ओंबी: मग 'सढळ हाताने' लिहू?

वणीकर: सढळ हात तुपाच्या धारेला. पत्रिकेत 'संतोषाने' लिहा, शास्त्रातलाच शब्द आहे.

शुद्धमती: 'दानार्पण' ही काय भानगड आहे? दोन्ही शब्दांचा अर्थ देणे. पुनरुक्ती.

तुरीची_शेंग: ताई, चर्चच्या भक्तीत पाळक 'दानार्पण घेऊ' म्हनते आन् थैली फिरते. पिढ्यान्‌पिढ्या हेच आयकून रायलो. तुमच्या पुनरुक्तीसाठी थैली थांबवू काय? माही आजी पदराच्या गाठीतली नोट काढे, चार घड्या केलेली, अन् उलगडल्याबिगर टाके. कितीची हाय थे बाजूच्याले दिसू नये म्हनून.

शुद्धमती: आजींना नमस्कार. शब्द तरीही सदोष.

वणीकर: आमच्याकडे खरा वाद लिलावाचा. वेदीपुढे ठेवलेला कोहळा, कोंबडी, पायलीभर तूर भक्तीनंतर लिलावात जाते. कोंबडी बाजारभावाच्या तिप्पट किमतीला घेणाऱ्याचं अर्पण, की खरेदी?

तुरीची_शेंग: घेनाऱ्याचं अर्पण, कोंबडीचं बलिदान.

कोशकिडा: पायली म्हणजे किती, वणीकर? चार शेर धरता ना?

वणीकर: गावावर आहे. माप बदलतं.

तुरीची_शेंग: माप नाही बदलत, मापारी बदलते.

ओंबी: पत्रिका उद्या छपाईला जाते हो. दान की अर्पण?

शुद्धमती: 'मापारी' नव्हे, 'मापाडी'.

तुरीची_शेंग: आमच्या बाजारात मापारीच म्हनतात.