ईएन १०७८ की सीपीएससी, सायकल हेल्मेटवरचा कुठला स्टिकर जास्त भरवशाचा?

चाकोरीबाहेर
मंडळी, हेल्मेट घ्यायचंय आणि वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. काहींवर ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) लिहिलंय, काहींवर सीपीएससी (अमेरिकेचं). युरोपवाल्यांची मर्यादा २५० जी आणि अमेरिकेची ३०० जी, म्हणजे युरोपचं जास्त कडक ना? आणि स्वस्त-महाग सगळ्यांवर तोच स्टिकर, मग जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे? रोज ऑफिसला जायला वापरणार, रेसबिस काही नाही.

गिअरबदलू
नुसता जी बघून काही कळत नाही रे, आपटलंय किती उंचीवरून ते पण बघ. टेस्टमध्ये नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते लोखंडी ऐरणीवर सोडतात आणि आतला सेन्सर डोक्याला किती हिसका बसला ते मोजतो, तोच तो जी. सपाट ऐरणीवर ईएनमध्ये साधारण दीड मीटरवरून सोडतात आणि सीपीएससीमध्ये दोन मीटरवरून, म्हणजे अमेरिकेत सूट जास्त आहे पण मारही जास्त आहे, एक तृतीयांश जास्त ऊर्जा झाली ती. त्यात फुटपाथच्या कडेसारखी ऐरण दोघांकडे आहे पण अर्धगोल ऐरण फक्त सीपीएससीत. माझं मत विचारशील तर सीपीएससी थोडं वरचढ. १९९९ पासून तिकडे त्याशिवाय सायकलचं हेल्मेट विकताच येत नाही.

घाटवेडा
वरचं सगळं बरोबर, पण दोन्ही टेस्टमध्ये हेल्मेट सरळ खाली पडतं आणि माणूस सायकलवरून असा पडतो का कधी? तिरकाच पडतो, डोकं रस्त्यावर घासत फिरतं आणि आत मेंदूलाही पीळ बसतो. ते या दोन्ही स्टिकरमध्ये मोजलेलंच नाही. मिप्स वगैरे त्यासाठीच आलं, आत एक पातळ सरकणारा थर असतो, आदळताना हेल्मेट डोक्यावर किंचित सरकतं. व्हर्जिनिया टेक हे अमेरिकेतलं विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटना स्टार देतं त्यात तिरका मारही धरतात, ती यादी बघ. महागड्यात बरेचदा वजन कमी आणि हवा खेळती, एवढ्याचेच पैसे असतात, स्वस्तातलीही काही तिथे चांगले स्टार घेऊन बसलीत.

चाकोरीबाहेर
भारी! मुलीसाठी पण घ्यायचंय, चार वर्षांची आहे. एकावर ईएन १०८० आणि हिरवं बक्कल दिसलं, ते काय असतं?

घंटी_वाजवा
ते बागेत खेळणाऱ्या लहान मुलांसाठी. हेल्मेट घालूनच पोरं झोपाळ्या-शिडीवर चढतात, हेल्मेट अडकलं तर पट्ट्याने गळफास बसायची भीती, म्हणून ते बक्कल जोरात ताण आला की आपोआप सुटतं. पण गाड्यांच्या रस्त्यावर नेणार असशील तर साधं १०७८ च घे आणि खेळायला उतरली की काढायला लाव.

आणि स्टिकर कुठलाही असो, घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा लावून मागून वर ढकललं तर कपाळावर घसरता कामा नये. बरेच जण मागे सरकवून टोपीसारखं घालतात, कपाळ उघडं!

गिअरबदलू
+१. आणि सेकंडहँड नको, एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबतो तो परत फुगत नाही, वरून कवच चकाचक दिसतं.