मर्सीसाइड डर्बीत एवढा कडवटपणा आधी नव्हता

"दोन क्लबांच्या फॅन्समधलं वैर पहिल्यापासून असंच होतं" असं बरेच जण म्हणतात, पण मला नाही पटत. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन फुटबॉल क्लबांचंच घ्या ना, त्यांच्यातल्या मॅचला मर्सीसाइड डर्बी म्हणतात. लिव्हरपूलचं अ‍ॅनफील्ड आणि एव्हर्टनचं २०२५ पर्यंतचं मैदान गुडिसन पार्क यांच्यात मध्ये एक बाग, एकाच घरात एक भाऊ लाल (लिव्हरपूलचा) तर दुसरा निळा (एव्हर्टनचा). १९८४ च्या मिल्क कप (तेव्हाचा इंग्लिश लीग कप) फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर या दोन टीम्सच्या फॅन्सचे लाल-निळे मफलर शेजारी शेजारी बसले होते, मॅच ०-० सुटली आणि दोन्ही टीम्सनी मिळून मैदानाला फेरी मारली, आज असलं काही दिसेल का सांगा.

मग १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल-युव्हेंटस युरोपियन कप फायनलच्या आधी लिव्हरपूलचे फॅन्स समोरच्यांवर धावून गेले, ३९ माणसं गेली, इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली आणि त्यात नेमकं लीग चॅम्पियन झालेलं एव्हर्टन अडकलं, त्यांना युरोपियन कप खेळताच आला नाही, तो लिव्हरपूलवरचा राग पुढच्या पिढीकडे आला आणि माझ्या मते आणखी तिखट होऊन आला, कारण त्यांनी ते शेजारी बसणं कधी बघितलंच नाही.

तरी १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे फॅन्स गेले, त्यानंतर त्या बागेतून एका स्टेडियमपासून दुसऱ्यापर्यंत मफलरला मफलर बांधून साखळी केली होती लोकांनी, लाल निळे एकत्र. आणि आता इंग्लंडमध्ये त्याच मृत्यूंवरून समोरच्यांना डिवचणारी गाणी म्हणतात!! १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघाताचीही (ज्यात मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू गेले) तीच गत. हरल्यावर चिडवा, हक्काने चिडवा, पण मेलेल्या माणसांवरून? मला खरंच त्रास होतो ते ऐकताना.