अ‍ॅनालिसिसमधल्या संशोधनाला सरकारी ग्रँट: द्यावी का, कुणाला आणि कोणत्या अटीवर? (ही कलनशास्त्रातून वाढलेल्या गणितशाखेबद्दलची चर्चा आहे; प्रत्येक मजकुरावरचं नाव लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

अभिसरण

फेब्रुवारी २०२५ मध्ये हाँग वांग आणि जोशुआ झाल यांनी त्रिमितीतल्या काकेया अटकळीची सिद्धता मांडली. १२७ पानांचा प्रीप्रिंट. मूळ प्रश्न १९१७ चा आणि शाळकरी मुलालाही कळेल असा: सपाट पृष्ठभागावर सुई पूर्ण उलटी फिरवायची तर कमीत कमी किती जागा लागेल? बेसिकोविचने दाखवलं की क्षेत्रफळ हवं तेवढं कमी करता येतं. पुढची कित्येक वर्षं हे एक गमतीदार कोडं म्हणूनच ओळखलं जायचं. १९७१ मध्ये चार्ल्स फेफरमनने तेच जवळजवळ शून्य क्षेत्रफळाचे विचित्र संच वापरून सिद्ध केलं की द्विमितीत फक्त वर्तुळाच्या आतल्या फ्रिक्वेन्सी ठेवायच्या, ही साधी वाटणारी क्रिया एल-टू सोडून बाकीच्या एल-पी अवकाशांत (फलनाचा, म्हणजे फंक्शनचा, आकार मोजायच्या वेगवेगळ्या मापांत) आटोक्यात राहत नाही. त्या दिवसापासून सुईचा प्रश्न संकेत फ्रिक्वेन्सींत मोडणाऱ्या फूरिए अ‍ॅनालिसिसच्या मध्यभागी येऊन बसला. काकेया अटकळ म्हणते की त्रिमितीत सगळ्या दिशांच्या सुया मावणाऱ्या संचाची मिती पूर्ण तीनच असते; टॉमस वुल्फने १९९५ मध्ये त्या मितीची खालची मर्यादा अडीचपर्यंत नेली. तिथून तीनपर्यंत पोचायला आणखी तीस वर्षं गेली.

आता या तीस वर्षांतलं एखादं ग्रँट प्रपोजल डोळ्यासमोर आणा. तीन वर्षांची मुदत, आणि त्यात "या कामाचा समाजाला काय उपयोग" असा एक परिच्छेद हवाच. प्रामाणिक माणसाने तिथे लिहायचं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने हा पैसा द्यावा, आणि उपयोगाचं आश्वासन न मागता द्यावा. यात ना यंत्रं लागतात, ना रसायनं. अमेरिकेत बऱ्याच प्राध्यापकांचा पगार शैक्षणिक वर्षाच्या नऊ महिन्यांचाच असतो, त्यामुळे तिथल्या बजेटच्या पानावर साधारण चारच ओळी दिसतात: उन्हाळ्यातला जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार, एखाद्या विद्यार्थ्याचं वेतन, जमलं तर एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक), आणि प्रवास. त्यावर विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे जागा-प्रशासनासाठीचा वाटा. विकत घेतला जातो तो माणसांचा वेळ.

तिसरीघंटा

पूर्ण सहमत. योहान रॅडॉनने १९१७ मध्ये रेषांवरच्या बेरजांवरून मूळ फलन परत कसं मिळवायचं ते सोडवलं. पन्नासेक वर्षांनी त्यातून सीटी स्कॅन आलं. त्या काळी कुणी रॅडॉनकडे उपयोगाचा परिच्छेद मागितला असता तर तो काय लिहिणार होता?

रेखांश

हे उदाहरण दर वेळी येतं, म्हणून जरा तपासून बघू. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळालं. कॉर्मॅकने १९६३-६४ मध्ये आपले निबंध छापले तेव्हा त्याला रॅडॉनचं काम माहीतच नव्हतं. ते कितीतरी वर्षांनी कळलं. हाउन्सफील्ड इंजिनिअर होता, एका कंपनीत काम करत होता, आणि त्याच्या पहिल्या यंत्राची गणनपद्धत रॅडॉनच्या सूत्रावर बेतलेली नव्हती. म्हणजे शुद्ध गणित आधी झालं हे खरं, पण त्याच्यामुळे यंत्र झालं हे खरं नाही. गणित एका जर्मन अकादमीच्या वृत्तान्तात पडून राहिलं आणि गरज पडली तेव्हा दुसऱ्याने ते नव्याने शोधलं.

दुसरं म्हणजे तुम्ही फक्त जिंकलेले घोडे मोजता. ज्या हजारो निबंधांत एखाद्या असमिकेचा (इनइक्वॅलिटीचा) घातांक किंचित सुधारला गेला आणि नंतर ते कुणी उघडलेही नाहीत, ते या हिशेबात कुठे आहेत? करदात्याने त्यांचेही पैसे भरलेत. "कधीतरी उपयोग होईल" हे वाक्य कुठल्याही कामाबद्दल म्हणता येतं, म्हणून ते निवडीचा निकष होऊ शकत नाही.

अभिसरण

कॉर्मॅकबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, आणि मला त्यातून नेमका उलटा निष्कर्ष दिसतो. छापील निबंध पुरेसा नव्हता. ते गणित डोक्यात असलेला माणूस आसपास असता तर कॉर्मॅकचं काम एका संभाषणात झालं असतं. म्हणूनच मी म्हणतो की ग्रँट निबंधांसाठी नसते, माणसांसाठी असते.

याचंच दुसरं उदाहरण वेव्हलेटचं, म्हणजे संकेत छोट्या लहरींत मोडण्याच्या पद्धतीचं. जाँ मोर्ले हा तेलकंपनीतला भूभौतिकतज्ज्ञ. भूकंपलहरींसारख्या संकेतांसाठी त्याने एक पद्धत बसवली आणि अलेक्स ग्रोसमान या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर ती मांडली. १९८५ मध्ये इकोल पॉलिटेक्निक या फ्रेंच संस्थेत फोटोकॉपी मशीनपाशी एका सहकाऱ्याने त्यांचा निबंध गणितज्ञ इव्ह मेयेरच्या हातात ठेवला. मेयेरला तो वाचताच ओळख पटली: हे तर काल्देरॉनचं सूत्र, साठच्या दशकातल्या हार्मोनिक अ‍ॅनालिसिसमधलं. तो मार्से शहरात जाऊन ग्रोसमानला भेटला, आणि काही वर्षांत त्या पद्धतीला भक्कम सिद्धान्ताचा पाया मिळाला. १९८८ मध्ये इंग्रिड दोबशीने मर्यादित लांबीची वेव्हलेट दिली. पुढे बोटांचे ठसे साठवण्याच्या एफबीआयच्या मानकापासून जेपेग २००० या चित्रांच्या मानकापर्यंत ही पद्धत पोचली. मशीनपाशी मेयेर नसता, किंवा मेयेरला "काल्देरॉनचं सूत्र कशाला शिकतोस, त्याचा उपयोग काय" असं विचारून आधीच दुसरीकडे पाठवलं असतं, तर?

रेखांश

चांगलं उदाहरण दिलंत, पण ते माझ्या बाजूने जास्त बोलतं. मोर्लेचा पगार तेलकंपनी देत होती. दोबशी तेव्हा बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. आणि मेयेर नोकरीत होता, त्याचं डोकं त्या पगारावर चालत होतं. तीन वर्षांच्या प्रोजेक्ट ग्रँटची या गोष्टीत कुठेच गरज पडली नाही.

तेव्हा मी माझी भूमिका स्पष्ट करतो. गणितज्ञांना सरकारी पैसा मिळू नये असं मी म्हणतच नाही. विद्यापीठांना थेट द्या, कायम जागा निर्माण करा, लायब्ररी आणि प्रवासाला पुरेशी रक्कम द्या. प्रपोजल, पॅनेल, वार्षिक अहवाल, ओव्हरहेड ही सगळी साखळी अ‍ॅनालिसिससारख्या विषयात काढून टाका. ज्याला प्रयोगशाळाच नको त्याने वर्षातले कित्येक आठवडे प्रपोजल लिहिण्यात का घालवावेत? आणि ती वाचायला दुसऱ्या गणितज्ञांनी आपला वेळ का द्यावा?

आडवाटेने

या मुद्द्यावर माझं मत रेखांश यांच्या जवळचं आहे, पण साखळी पूर्ण तोडायला नको. कॅनडाची डिस्कव्हरी ग्रँट बघा: रक्कम लहान, मुदत सहसा पाच वर्षं, आणि अर्ज करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मिळते. शिवाय ती एका ठरावीक प्रकल्पाला न बांधता संशोधकाच्या एकूण कामाला असते, त्यामुळे वाटेत प्रश्न बदलला तरी चालतं. दुसऱ्या टोकाला युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट, पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत. शुद्ध अ‍ॅनालिसिस करणाऱ्या एका माणसाला एवढे पैसे खर्च करायचे तर एकच मार्ग उरतो, पोस्टडॉक घ्या. पाच वर्षांनी ते सगळे एकदम बाजारात येतात आणि तेवढ्या कायम जागा नसतात. थोड्यांच्या हाती ढीग देण्यापेक्षा अनेकांना थोडं द्यावं, या विषयाचा स्वभावच तसा आहे. पुढचा फेफरमन कोण हे कुठलंच पॅनेल आधी ओळखू शकत नाही.

तिसरीघंटा

खाजगी संस्थांनी उचलावं का मग? क्ले इन्स्टिट्यूट, सायमन्स फाउंडेशन आहेतच की.

आडवाटेने

आहेत, आणि चांगलं काम करतात. पण देणाऱ्याचं मन बदललं तर विचारायची सोय नाही. दर वर्षी नवे विद्यार्थी येणार, त्यांची सोय एखाद्याच्या मर्जीवर कशी सोडायची?

पानगळ

मी सध्या पोस्टडॉक करतो, हार्मोनिक अ‍ॅनालिसिसमध्ये, दुसऱ्या कुणाच्या तरी ग्रँटवर. वरची सगळी चर्चा कायम नोकरीतल्या माणसाच्या खुर्चीतून झालेली वाटते.

मेयेरला प्रोजेक्ट ग्रँट लागली नाही कारण त्याच्याकडे खुर्ची होती. ज्याच्याकडे ती नाही त्याला ग्रँट हाच पगार. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारने यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रँट अचानक थांबवल्या, तेव्हा बातम्यांत तिथल्या नामवंत गणितज्ञ टेरेन्स टाओचं नाव आलं, कारण त्याचीही ग्रँट त्यात होती. तिथली आयपॅम ही गणितसंस्थाही अडकली. ऑगस्टमध्ये कोर्टाने त्यातल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रँट परत सुरू करायला लावल्या. त्या काळात टाओची प्राध्यापकी कुठे जाणार नव्हती. प्रश्न होता तो विद्यार्थ्यांचा, पोस्टडॉकांचा, आणि ठरलेल्या कार्यशाळांना येणाऱ्यांचा. ग्रँट नावाची गोष्ट कुणाला जगवते ते अशा वेळी कळतं.

रेखांश, न उघडलेल्या निबंधांबद्दल. घातांक किंचित सुधारणारं काम मीही करतो. अडीचच्या पुढे अगदी पुसटसं सरकणं हाच एक मोठा निकाल होता: कॅट्झ, लाबा आणि टाओ यांनी २००० मध्ये मिंकोव्स्की मितीसाठी (मिती मोजण्याच्या एका पद्धतीसाठी) तेवढंच सिद्ध केलं. पण त्या केसभर फरकासाठी त्यांना काकेया संचांची आतली रचना उलगडावी लागली, आणि पुढच्या लोकांनी तीच रचना हाताशी धरली. आकडा बघितला तर काहीच नाही. निबंध वाचला तर सगळं आहे. बाहेरून मोजणाऱ्याला हे दिसणार नाही, म्हणून पॅनेलवर विषयातली माणसं लागतात.

रेखांश

ते उदाहरण मान्य. पण विषयातलीच माणसं विषयातल्या माणसांना गुण देणार, तर कुठली वाट आटली आहे हे सांगणार कोण? प्रत्येक पॅनेलवर शेजारच्या शाखेतला एक जण तरी हवा, संभाव्यता किंवा आंशिक विकलक समीकरणांमधला, ज्याला सिद्धता वाचता येते पण त्या वर्तुळाशी देणंघेणं नाही. आणि पोस्टडॉकांबद्दल तुम्ही जे सांगताय त्यावर उपाय म्हणजे आणखी ग्रँट नव्हे. तो पैसा कायम जागांकडे वळवा.

पानगळ

शेजारच्या शाखेतला माणूस, जरूर. त्याला माझा विरोध नाही.

जागांबद्दल मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा काढा, जाहिराती येऊ द्या, लोक रुजू होऊ द्या, मग ग्रँट कमी करा. ग्रँट आधी बंद झाली आणि जागा "विचाराधीन" राहिल्या, तर मधल्या तीन-चार वर्षांत माझ्या वयाचे लोक दुसऱ्या कामाला लागतील. काल्देरॉनचं सूत्र बघताक्षणी ओळखणारी पिढी नंतर जाहिरात काढून मिळत नाही.