‘एन्स्लेव्ह्ड’ला मराठीत काय म्हणायचं?

टेक्सासकर
आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आठवीच्या मुलांना ‘मी शाळेत काय शिकलो’ यावर दोन पानं लिहायची आहेत. लेकानं अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा धडा निवडला. त्याच्या इंग्रजी शाळेतल्या बाई ‘स्लेव्ह’ म्हणू देत नाहीत, ‘एन्स्लेव्ह्ड पर्सन’ म्हणायला लावतात. गुलामी ही माणसाची जात नाही, कुणीतरी त्याच्यावर लादलेली गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यानं लिहिलं, ‘गुलाम केलेली माणसं’. पुण्याहून सासऱ्यांनी वाचून खोडलं: “नुसतं गुलाम लिही. एका शब्दाचं काम तीन शब्दांनी कशाला?” ‘प्लँटेशन’लाही त्यांनी ‘मळा’ सुचवलाय. आता नातू आणि आजोबा दोघंही अडून बसलेत. एखादा नेमका शब्द आहे का?

शब्दवेडा
आहे की. ‘दास’. गुलाम फारसीतून आला, दास आपला. ‘दासीकृत’ म्हणा, एका शब्दात काम होतं.

सातारी
‘दासीकृत’ वाचून लोकांना दासी केलेली बाई वाटेल. आणि दास म्हटलं की आधी रामदास आठवतात. देवाचा दास माणूस आपणहून होतो. व्हर्जिनियात तंबाखू खुडायला कोण आपणहून गेलं होतं?

निवृत्त मास्तर
‘गुलाम’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा पहिला अर्थ पोरगा, मुलगा. अमेरिकेच्या दक्षिणेत साठीच्या काळ्या माणसालाही गोरे ‘बॉय’ म्हणून हाक मारत, गुलामी संपल्यावरही कित्येक दशकं. दोन्हीकडे युक्ती एकच, मोठ्या माणसाला कायम पोरगा ठेवायचं. माझ्या मते म्हणूनच हा शब्द अचूक आहे. आणि शब्दवेडा, जोतीरावांनी 1873 साली पुस्तकाला ‘गुलामगिरी’ नाव दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केलं. तेव्हापासून हा शब्द मराठीच झाला.

शब्दवेडा
त्याच अर्पणपत्रिकेत ‘दास्यत्व’ही आहे, मास्तर. जोतीरावांना दोन्ही चालत होते.

पानफूल
माझी आजी मला ‘लबाड गुलाम’ म्हणायची, लाडानं. पत्त्यांत गुलाम, खेळात गुलामचोर. इतका घरचा झालेला शब्द बोटीच्या तळात साखळदंडानं बांधलेल्या माणसाला लावताना माझा हात अडतो. म्हणून मला तरी लेकाचं बरोबर वाटतं. ‘केलेली’ म्हटलं की कुणी केली, हा प्रश्न आपोआप येतो.

पऱ्हाटी
यवतमाळहून लिहितोय. ‘मळा’ काढून टाका हो. मळा म्हणजे मोटेचं पाणी, वांगी-मिरच्या, शेजारी घर. कापसाला आम्ही वावर म्हणतो. पण जिथं पहाटेपासून अंधारापर्यंत चाबकाखाली कापूस वेचून घेत, त्याला वावर तरी कसं म्हणू? वावर कसणाऱ्याचं असतं.

टेक्सासकर
इथले काही इतिहासकार ‘सक्तमजुरीची छावणी’ म्हणतात. लेकाला सांगून बघते.

सरळसोट
हा सगळा अतिरेक आहे. शब्द बदलून इतिहास बदलत नाही. गुलामला गुलाम म्हणा आणि पुढे चला.

टेक्सासकर
अतिरेक वाटेल, पण मी इथे राहते. 2015 साली टेक्सासच्या शाळांतल्या भूगोलाच्या पुस्तकात एका नकाशाखाली छापलं होतं की अटलांटिक गुलाम-व्यापारानं आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ शेतांवर कामाला आणले. तेही स्थलांतराच्या प्रकरणात! एका आईनं ते जगापुढे आणलं, मग प्रकाशकानं दुरुस्ती केली. 2022 मध्ये दुसरीच्या मुलांसाठी काही शिक्षकांनी गुलामीला ‘अनैच्छिक स्थलांतर’ म्हणावं असं सुचवलं. राज्याच्या शिक्षण मंडळानं ते परत पाठवलं. शब्द क्षुल्लक असते, तर ते बदलण्याची एवढी धडपड कुणी केली असती?

निवृत्त मास्तर
ही धडपड जुनी आहे. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत ‘स्लेव्ह’ हा शब्दच नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ असं आडवळणानं येतं. त्या ‘इतर व्यक्ती’ प्रतिनिधित्व मोजताना तीनपंचमांश धरायच्या! गुलामी हा शब्द घटनेत आला तो 1865 च्या तेराव्या दुरुस्तीत, तिच्यावर बंदी घालताना. सरळसोट, माझाही कौल नुसत्या ‘गुलाम’ला आहे, पण कारण तुमच्या उलट. हा शब्द फार काळ लपवला गेला.

खडकीकर
आपल्या मलिक अंबरचं काय? इथिओपियात जन्मला, विकला गेला, हात बदलत अहमदनगरला आला, निजामशाहीचा कारभार हाती घेतला, खडकी म्हणजे आजचं संभाजीनगर वसवलं. गुलाम असूनही माणूस वर येतो.

सातारी
फ्लोरिडाचा 2023 चा अभ्यासक्रम हेच म्हणतो: गुलामांनी कौशल्यं मिळवली, ती काही वेळा त्यांच्या फायद्याची ठरली. अंबरचा मुलगा फत्तेखान बापाच्या जागी बसला. व्हर्जिनियानं 1662 सालीच कायदा केला होता, मूल आईच्या स्थितीचं. आई गुलाम तर लेकरू पाळण्यापासून गुलाम, बाप मालक असला तरी. हे दोन्ही एका मापानं मोजू नका.

खडकीकर
मी फायद्याचं म्हणत नाहीये. ‘हबशी’ हा शब्द कुणीच काढला नाही म्हणून अंबर आठवला.

पानफूल
मग ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ही काढा, आपल्याकडच्या गुलाम बायकांसाठीचे शब्द. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, तिथं मला त्या एकदाही भेटल्या नाहीत. ‘बटीक’ फक्त शिवीत ऐकला. टेक्सासच्या पुस्तकावर बोलताना मला हेही बोलायचंय.

शब्दवेडा
कुणबीण वेगळी, बटीक वेगळी. त्यावर स्वतंत्र धागा हवा.

पानफूल
वेगळी कशी, ते इथंच सांगा ना.

टेक्सासकर
थांबा, माझी परत एक अडचण. पुढच्या परिच्छेदात फ्रेडरिक डग्लस आहेत, 1838 मध्ये मेरिलँडमधल्या गुलामीतून निसटले आणि पुढे तिच्याविरुद्ध लढले ते. सासऱ्यांनी तिथं ‘फरारी गुलाम’ लिहिलंय, निसटलेल्यांना पकडून मालकाकडे परत पाठवणाऱ्या 1850 च्या कायद्याचं नावही तसंच आहे म्हणून. लेक म्हणतो, फरारी तर चोर असतो, त्यांनी काय चोरलं होतं? ‘पळालेले’ लिहिलं की आजोबांना भित्रेपणाचं वाटतं. या जागी काय लिहू?

पऱ्हाटी
‘सुटलेले’?

सातारी
सुटका दुसरा करतो. ते स्वतः गेले.